आम्हाला वगळून आमची काळजी घेऊ नका : एचआयव्हीच्या औषधांच्या ट्रायल आखणाऱ्यांना खुलं पत्र

नवीन औषधांच्या ट्रायल (माणसांवरच्या चाचण्या) आखणारे, ती औषधं बनवणारे, त्यांना मंजुरी देणारे आणि एथिक्स कमिट्यांवर बसणारे तुम्ही सगळे,

नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, ओळखायचं काही कारणही नाही. तुमच्या कुठल्याच ट्रायलमधे मी नव्हते, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

मे २०१८ ची गोष्ट. मला गरोदरपणाचा नववा आठवडा चालू होता. उलट्या, झोप, चिडचिड सगळं रीतसर सुरू झालेलं. एचआयव्हीची गोळी मी तेव्हा पाच-सहा वर्षं घेत होते, आधी एफाविरेन्झवाली होती, ती मला सोसेना (रात्री स्वप्नं अशी पडायची की सकाळी उठून आधी खात्री करून घ्यावी लागायची की हे खरंच घडलं नाहीये, आणि दुपारपर्यंत डोकं गरगरतंच) म्हणून वर्षभरापूर्वी डोलुटेग्राविरवर आणलं होतं. ती गोळी मला मस्त मानवली. व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) अनडिटेक्टेबल, म्हणजे तपासणीत न दिसण्याइतका कमी, झोप शांत. मग आम्ही दोघांनी ठरवून मूल होऊ द्यायचं म्हटलं, आणि लवकरच दिवस राहिले पण.

एका दुपारी क्लिनिकमधून फोन आला. "ताई, तुमची गोळी बदलायचीय, आजच येऊन जा." का म्हणून विचारलं तर म्हणे आल्यावर सांगतो. आता पोटुशा बाईला फोनवर असं सांगितल्यावर ती रस्ताभर काय काय विचार करत येईल हे त्या मुलाच्या लक्षात आलं नसावं, त्याचा दोष नाही, त्याला पण सकाळीच मेल आला असणार. डॉक्टर तरुण होते, हातात एक छापील कागद. त्यांनी सांगितलं की आफ्रिकेतल्या बोट्स्वानामधे या गोळीवर असलेल्या काही बायकांच्या बाळांना मेंदूचे आणि मणक्याचे दोष निघालेत, त्यामुळे तुम्ही परत एफाविरेन्झवर जा. मी विचारलं, आता बदलून उपयोग होईल का? ते म्हणाले, सूचना तशी आलीय. मी जुनी गोळी घेऊन घरी आले.

खूप उशिरा, म्हणजे बाळंतपण होऊन गेल्यावर, मला कळलं की मेंदू आणि मणका ज्या नळीपासून तयार होतो ती न्यूरल ट्यूब गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. पाळीपासून मोजलं तर सहाव्या आठवड्यापर्यंत. मी नवव्यात होते. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि ती गोळी बदलून माझ्या बाळाचं कसलंही रक्षण झालं नाही. मला मात्र पुढचे सगळे महिने ती स्वप्नं परत मिळाली, आणि ॲनोमली स्कॅन (बाळात व्यंग आहे का बघणारी सोनोग्राफी) होईपर्यंत दहा आठवडे एकच विचार, की मीच स्वतःच्या हाताने रोज गिळलेल्या गोळीने याचा मणका उघडा राहिला असेल तर. स्कॅन नॉर्मल आला. मुलगा छान आहे, शाळेत जातो, बडबड करून डोकं खातो.

मग तुम्ही म्हणाल सगळं नीट झालं ना, तक्रार कसली. तक्रार त्या डॉक्टरांबद्दल नाहीच. त्यांच्या हातात एक कागद होता आणि त्या कागदाच्या मागे पाच वर्षांची रिकामी जागा होती. ती रिकामी जागा तुमची आहे.

आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील, तरी लिहिते, कारण हे पत्र माझ्यासारख्या बाया पण वाचतील. बोट्स्वानात त्सेपामो नावाचा अभ्यास ऑगस्ट २०१४ पासून चालू होता. मोठमोठ्या सरकारी हॉस्पिटलांमधे जन्मणारं प्रत्येक बाळ सुईणी डोक्यापासून पायापर्यंत तपासायच्या, काही वेगळं दिसलं तर आईची परवानगी घेऊन फोटो काढायच्या आणि तो तज्ज्ञाकडे जायचा. बस, एवढंच. कुठलंही भारी मशीन नाही. मे २०१८ मधे त्यांनी मोजून बघितलं तर गर्भ राहताना डोलुटेग्राविरवर असलेल्या ४२६ बायकांमधे ४ बाळांना न्यूरल ट्यूबचा दोष, म्हणजे ०.९४ टक्के, आणि एचआयव्हीच्या बाकीच्या गोळ्या घेणाऱ्यांमधे ०.१२ टक्के. सात-आठ पटीचा फरक, घाबरणं साहजिक होतं, मी असते तर मी पण घाबरले असते. पण ४ हा आकडा केवढा! चारच्या जागी एक असता तर बातमीच झाली नसती. मग मोजणी वाढत गेली तसं प्रमाण खाली आलं. २०१९ मधे १,६८३ मधे ५, म्हणजे ०.३० टक्के. २०२२ पर्यंत ९,४६० बाळंतपणांमधे १०, म्हणजे ०.११ टक्के, बाकीच्या एचआयव्हीच्या गोळ्यांवर जेवढं होतं तेवढंच. संशय विरून गेला. डब्ल्यूएचओने तर जुलै २०१९ मधेच सांगून टाकलं होतं की डोलुटेग्राविर हीच सगळ्यांसाठी पहिली पसंती, गरोदर बाया आणि मूल होऊ शकणाऱ्या बायासुद्धा त्यात आल्या.

पण त्या मधल्या वर्षात काय काय झालं बघा. कितीतरी ठिकाणी मूल होण्याच्या वयातल्या बायांना ती गोळी द्यायचीच नाही असं सरसकट ठरलं, मूल हवंय का नको हे न विचारताच. काही जणींना म्हणे गर्भनिरोधक वापरत असल्याचं दाखवा मग देऊ. पुरुषांना मात्र चांगली, कमी त्रासाची गोळी लगेच. जुलै २०१८ मधे आफ्रिकेतल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या बाया रवांडात किगालीला जमल्या आणि त्यांनी स्वच्छ सांगितलं की धोका काय तो आम्हाला समजावून सांगा आणि ठरवायचं आमच्यावर सोडा, सरसकट बंदी नको. असं म्हणता येतं हे मला मे महिन्यातच माहीत असतं तर मी पण त्या दुपारी खुर्चीतून उठले नसते.

यात गंमत (गंमत कसली, पण दुसरा शब्द सुचत नाही) अशी की त्सेपामो डोलुटेग्राविरसाठी सुरूच झाला नव्हता. तो सुरू झाला एफाविरेन्झवरचा जुना आळ खरा की खोटा ते बघायला. हो, तीच गोळी जिच्यावर मला 'सुरक्षित' म्हणून परत पाठवलं. एफाविरेन्झची कथा अशी की ती १९९८ मधे बाजारात आली आणि त्याआधी माकडिणींवर जो प्रयोग झाला त्यात औषध दिलेल्या २० पैकी ३ पिल्लांमधे व्यंग निघालं. झालं, पुढची कितीतरी वर्षं पहिल्या तिमाहीत एफाविरेन्झ नको, दिवस राहिले की बदला, मूल हवं असेल तर सुरूच करू नका. मग वर्षानुवर्षं ज्या बायांनी ती न कळत किंवा नाइलाजाने घेतली त्यांच्या बाळांचे आकडे गोळा होत गेले आणि दिसलं की माणसांमधे तसं काही वाढलेलं नाही. २०१३ मधे डब्ल्यूएचओने गरोदर बायांसाठी पण तीच पहिली गोळी ठरवली. पंधरा वर्षं गेली बघा. आणि पंधरा वर्षांनी तीच चूक पुढच्या गोळीच्या बाबतीत तशीच्या तशी.

म्हणून बोट्स्वानाच्या लोकांवर माझा राग नाही, त्यांनीच तर मोजलं. सगळ्या जगात तेवढे एकटेच पुरेशी बाळं मोजत बसले होते म्हणून शंका पण तिथूनच आली आणि उत्तर पण तिथूनच आलं. माझा प्रश्न हा आहे की डोलुटेग्राविरला अमेरिकेत ऑगस्ट २०१३ मधे मंजुरी मिळाली, बोट्स्वानाने २०१६ पासून ती सगळ्यांना, गरोदर बायांना सुद्धा द्यायला सुरुवात केली, तर मधल्या काळात तुम्ही काय करत होतात? मंजुरीच्या आधीच्या ट्रायलमधे बाई घ्यायची तर तिने दोन-दोन प्रकारची गर्भनिरोधकं वापरायची, दर व्हिजिटला प्रेग्नन्सी टेस्ट, आणि एवढं करून दिवस राहिलेच तर औषध बंद आणि ट्रायलमधून बाहेर. म्हणजे जिच्याकडून नेमकं शिकायला मिळालं असतं तिलाच पहिली दारं बंद. आणि औषध बाजारात आलं की तीच बाई तीच गोळी घेणार, कारण जगात एचआयव्हीसह जगणाऱ्यांमधे निम्म्याहून जास्त बायाच आहेत आणि दरवर्षी एचआयव्ही असलेल्या दहा लाखांहून जास्त बाया गरोदर राहतात. तुम्ही आम्हाला प्रयोगातून बाहेर ठेवलंत असं तुम्हाला वाटतं. प्रयोग तर आमच्यावर झालाच, फक्त ट्रायलमधे जे देखरेख करणारं मंडळ असतं, विमा असतं, दर महिन्याची तपासणी असते, कोणीतरी फोन उचलणारं असतं, त्यातलं काहीच नव्हतं.

थॅलिडोमाइडचं नाव तुम्ही घेणारच, दरवेळी घेता. मला ते नेहमी उलटं वाटत आलंय. त्या औषधाची पोटुशा बायांवर नीट ट्रायल झाली म्हणून १०,००० च्या वर बाळं व्यंग घेऊन जन्मली का? नाही ना, काहीही न बघता बाजारात आणलं आणि मळमळीवर वाटलं म्हणून जन्मली. धडा असा घ्यायला हवा होता की आधी बघा, थोड्या जणींमधे, नीट लक्ष ठेवून बघा. घेतला असा की बघूच नका. १९७७ मधे औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने तर मूल होऊ शकणाऱ्या सगळ्याच बायांना सुरुवातीच्या ट्रायलमधून बाहेर ठेवायला सांगितलं, गरोदर असो नसो, ते थेट १९९३ मधे मागे घेतलं. बायांना आत घेतलं, गरोदर बायांसाठी दार तसंच.

बरं, गरोदर बायांवर ट्रायल करताच येत नाही असंही नाही, तुम्हीच केलीय. १९९४ ची झिडोव्हुडिनची ट्रायल, अमेरिका आणि फ्रान्समधली. गरोदर बायांना घेऊन, अर्ध्या जणींना औषध, अर्ध्या जणींना औषध नसलेली नुसती गोळी. बाळाला लागण होण्याचं प्रमाण औषध नसलेल्यांमधे २५.५ टक्के आणि औषधवाल्यांमधे ८.३ टक्के, फरक एवढा ढळढळीत की ट्रायल मधेच थांबवून सगळ्यांना औषध सुरू केलं. त्या ट्रायलमुळे आज माझ्यासारखी बाई आई होते. त्या बायांचे उपकार मी विसरणार नाही, कोण होत्या, कुठल्या होत्या माहीत नाही.

पण एक बोचतंच. जेव्हा प्रश्न बाळाला आईकडून लागण होऊ नये हा असतो तेव्हा गरोदर बाई ट्रायलमधे चालते. जेव्हा प्रश्न त्या बाईला स्वतःसाठी चांगलं औषध मिळावं हा असतो तेव्हा चालत नाही. नेविरापिनचं बघा. १९९९ मधे युगांडातल्या ट्रायलने दाखवलं की कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी आणि जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत बाळाला एक डोस, एवढ्याने लागण तेव्हाच्या दुसऱ्या पद्धतीच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर येते. स्वस्त, सोपं, लाखो बाळं वाचली, खरंच वाचली. पण ते औषध रक्तातून हळूहळू निघतं आणि एकट्या गोळीने व्हायरस त्याला सरावतो, म्हणून ज्या आयांना नंतर सहा महिन्यांच्या आत स्वतःच्या तब्येतीसाठी नेविरापिनवाली ट्रीटमेंट सुरू करावी लागली त्यांच्यात ती फेल जायचं प्रमाण वाढलं. बाळ वाचलं, आईची गोळी मात्र वाया गेली. आम्ही म्हणजे बाळ ज्यातून येतं ते भांडं, असं कोणी तोंडाने म्हणत नाही.

आता कोणी असा अर्थ काढू नका की मी म्हणतेय सगळी औषधं गरोदरपणात बिनधोक आहेत, द्या सगळ्यांना. अजिबात नाही. धोके खरे निघालेत, आणि ते पण उशिराच कळलेत, हाच तर मुद्दा आहे. स्टॅव्ह्युडिन आणि डिडॅनोसिन एकत्र घेणाऱ्या काही गरोदर बाया लॅक्टिक ॲसिडोसिसने (रक्तात आम्ल साठून) गेल्या तेव्हा कुठे जानेवारी २००१ मधे इशारा आला. दोन्ही औषधं तोवर कितीतरी वर्षं वापरात होती. नेविरापिन सुरू करताना सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) २५० च्या वर असलेल्या बायांमधे लिव्हरला गंभीर इजा होऊ शकते हे पण वापरातूनच कळलं. कोबिसिस्टॅट असलेल्या गोळ्यांचं तर वेगळंच, त्यांनी बाळाला काही केलं असं नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत शरीर औषध इतक्या भराभर संपवतं की रक्तातली मात्रा खूप खाली येते आणि व्हायरस परत डोकं वर काढू शकतो. हे साधं रक्त तपासून कळणारं काम. यातली पहिली गोळी २०१२ मधे मंजूर झाली आणि गरोदरपणात वापरू नका अशी सूचना आली २०१८ मधे. त्या सहा वर्षांत ज्या बाया ती गोळी वेळच्या वेळी, इमानाने घेत होत्या, त्यांचा लोड वाढला असेल तर त्यांना काय ऐकावं लागलं असेल? गोळ्या चुकवता ना तुम्ही, हेच. मला तो टोन पाठ आहे.

आणि टीबीची गोळी. आयसोनियाझिड. एचआयव्ही असलेल्या गरोदर बायांना टीबी होऊ नये म्हणून द्या असं कैक वर्षं सांगितलं जात होतं, पण गरोदरपणात देणं आणि बाळंतपणानंतर देणं यात फरक आहे का हे नीट कोणी बघितलंच नव्हतं. शेवटी ९५६ बायांना घेऊन ट्रायल झाली, २०१९ मधे निकाल आला, तर गरोदरपणात घेणाऱ्यांमधे गर्भपात, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ अशा गोष्टी २३.६ टक्के, नंतर घेणाऱ्यांमधे १७ टक्के. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की काही होत नाही. म्हणजे ट्रायल न करणं दोन्ही बाजूंनी मारतं, चांगली गोळी हिरावली पण जाते आणि त्रासाची गोळी गळ्यात पण पडते.

डोलुटेग्राविरची गरोदर बायांमधली मोठी ट्रायल शेवटी झालीच. नऊ देशांतल्या ६४३ बाया. पहिली बाई त्यात आली जानेवारी २०१८ मधे, म्हणजे मंजुरीनंतर साडेचार वर्षांनी आणि तो इशारा यायच्या चार महिने आधी. डिलिव्हरीच्या वेळी व्हायरस दबलेला असण्याचं प्रमाण डोलुटेग्राविरवर ९८ टक्के आणि एफाविरेन्झवर ९१. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात आणखी एक ट्रायल झाली ती तर शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा औषध सुरू करणाऱ्या बायांची, जिथे हातात वेळच नसतो. बाळंतपणापर्यंत लोड ५० च्या खाली गेला डोलुटेग्राविरवर ७४ टक्के जणींचा आणि एफाविरेन्झवर ४३ टक्के. उशिरा दवाखान्यात आलेल्या बाईच्या बाळासाठी हा फरक केवढा आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि नेमकी हीच गोळी आमच्यापासून 'बाळाच्या काळजीने' लांब ठेवली होती.

इथे जरा थांबून तुमच्या खांद्यावरून हे पत्र वाचणाऱ्या बाईशी बोलते, तुमची हरकत नसावी. बाई गं, हे सगळं वाचून घाबरून गोळी बंद करू नकोस. औषध अजिबात नसेल तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. गर्भ राहायच्या आधीपासून औषध चालू, मधे खंड नाही आणि डिलिव्हरीला लोड ५० च्या खाली, अशा आयांची २,६५१ बाळं फ्रान्समधे तपासली, लागण झालेलं एकही नाही. शून्य. गोळ्यांमुळे व्यंग वाढतं का याची नोंद ठेवणारी एक रजिस्ट्री १९८९ पासून चालू आहे, तिच्यात औषध घेतलेल्या आयांच्या बाळांमधे व्यंगाचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास दिसतं, जे एरवी सगळ्याच बाळांमधे जेवढं असतं तेवढंच आहे. शंका आली, उलटी होऊन गोळी पडली, नवीन काही ऐकलं, तर आधी डॉक्टरांना विचार, तोवर गोळी चालू. आणि एक बारीक गोष्ट जी मला कोणी वेळेत सांगितली नाही, डोलुटेग्राविर आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या रिकाम्या पोटी एकत्र घेतल्या तर औषध नीट शोषलं जात नाही, डोलुटेग्राविर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची, नाहीतर मग सगळं जेवणाबरोबर. गरोदरपणात लोह-कॅल्शियम तर सगळ्यांनाच देतात. फॉलिक ॲसिडचं पण विचार, शक्यतो दिवस राहायच्या आधीच.

झालं, परत तुमच्याकडे येते.

मला काय हवंय ते सांगते, फार मोठं मागत नाहीये. प्राण्यांवरचे गर्भाचे अभ्यास तुम्ही ट्रायलच्या शेवटापर्यंत लांबवता, ते आधी उरका, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलला गरोदर बाईला घ्यायचं की नाही यावर बोलायला हातात काहीतरी असेल. माकडांचं माणसांना लागू होतंच असं नाही हे एफाविरेन्झने शिकवलंय, पण मग तेवढ्यावर पंधरा वर्षं घालवू पण नका. ट्रायल चालू असताना जिला दिवस राहतील तिला बाहेर काढू नका, तिला परत बसवून सगळं समजावून सांगा, राहायचं का विचारा आणि तिने हो म्हटलं तर राहू द्या. हे होतं, केलंय लोकांनी. लेनाकॅपाविरची जी ट्रायल २०२४ मधे गाजली, वर्षातून दोनदा इंजेक्शन घेऊन लागणच टाळायची, तिच्यात इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ मुली आणि बायांमधे एकालाही लागण झाली नाही, तिथे दिवस राहिलेल्या बायांना बाहेर नाही काढलं. आभाळ कोसळलं नाही. मग ट्रीटमेंटच्या नव्या गोळ्या-इंजेक्शनांच्या वेळीच असं काय अडतं? आणि लांब टिकणाऱ्या इंजेक्शनांबाबत तर हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण गोळी आज बंद केली तर बहुतेक वेळा काही दिवसांत संपते, इंजेक्शनचं औषध महिनोन्महिने अंगात राहतं, दिवस राहिल्याचं कळल्यावर 'बंद करा' म्हणायला काही उरतच नाही.

रक्तातली मात्रा गरोदरपणात किती खाली जाते हे बघायला हजार बाया लागत नाहीत, वीस-पंचवीस जणी पुरतात, ते मंजुरीच्या आधी नाही तर मंजुरीबरोबर तरी करा. आणि बाळं मोजणं. क्वचित होणारं व्यंग कुठल्याच ट्रायलमधे पकडता येणार नाही, हजारात एकाला होणारी गोष्ट सहाशे जणींमधे कशी दिसणार, त्यासाठी जन्मलेली बाळंच मोजावी लागतात, आणि ते एकाच देशाने का करावं? सुईण, फोटो आणि वही, त्सेपामोत हेच होतं. पैसे तुमच्याकडे आहेत, औषध विकायचे पैसे आहेत तर मोजायचे पण असतील.

एथिक्स कमिटीवाल्यांना वेगळं एक. मी एकदा एका ट्रायलचा कागद वाचला होता, माझ्यासाठी नव्हता, क्लिनिकच्या टेबलावर पडला होता. कोणाला घेऊ नये त्याची यादी होती. किडनी फेल, लिव्हर फेल, दारूचं किंवा ड्रग्जचं व्यसन, गरोदर किंवा अंगावर पाजणारी, गंभीर मानसिक आजार. मी तेव्हा अंगावर पाजतच होते, म्हणून ती ओळ दोनदा वाचली. त्या ओळीपुढे कारण काहीच नव्हतं. यापुढे तुमच्याकडे कागद आला की या एका ओळीसाठी लेखी कारण मागा. का नको? कुठला धोका, कशावरून, आणि तिला वगळल्यामुळे जो धोका होणार आहे तो कुठे लिहिलाय? 'नेहमीच असतं' हे कारण धरू नका.

आणि इशारा द्यायची वेळ आलीच, कारण ती परत येणारच आहे, तर फक्त 'बदला' एवढंच पाठवू नका. किती बायांमधे किती बाळं ते पाठवा, कुठल्या आठवड्यापर्यंत धोका आहे ते पाठवा, ज्यांचा तो आठवडा उलटून गेलाय त्यांनी काय करायचं ते पाठवा. त्या तरुण डॉक्टरांच्या कागदावर ही एवढी एक ओळ असती, की सहावा आठवडा ओलांडला असेल तर गोळी बदलून या दोषाच्या बाबतीत काही फायदा नाही, तर त्यांनी मला फोन केला नसता, किंवा केला असता तर वेगळ्या आवाजात केला असता.

मागच्या महिन्यात माझ्याच क्लिनिकमधे एक मुलगी भेटली, पहिलटकरीण. तिच्या डॉक्टरांनी एका नवीन औषधाबद्दल सांगितलं होतं आणि ती त्याचं माहितीपत्रक उलगडून बसली होती, ते पातळ, खूप घड्यांचं, मुंगीच्या अक्षरातलं. तिने मला बोट ठेवून दाखवलं, ताई हे बघा, गरोदरपणातल्या वापराबद्दल पुरेशी माहिती उपलब्ध नाही. म्हणाली, मग मी कोणाला विचारू?

तिला मी तुमचा पत्ता देऊ शकले नाही म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिलं.

– रोज रात्री साडेनऊला गोळी घेणारी एक आई